सील ठेवा, ईसाइझ काढा

प्रश्न : मॅडम, इचलकरंजीत आमचं सीएचं ऑफिस आहे, मी तिथे साहाय्यक आहे. क्लायंटच्या सगळ्या फायली एका विंडोज सर्व्हरवर असतात. बाजूला एक लिनक्स मशीन आहे. ते रात्री सर्व्हरवरचं शेअर (सामायिक फोल्डर) माउंट करून, म्हणजे स्वतःला जोडून घेऊन, बॅकअप घेतं. मध्यंतरी एका मोठ्या क्लायंटच्या आग्रहावरून आमची सिक्युरिटी तपासणी झाली आणि अहवालात लिनक्स मशीनसमोर दोन ओळी लाल रंगात आल्या : सीव्हीई-२०२४-५००४७ आणि सीव्हीई-२०२५-३८४८८. दोन्हींपुढे ‘एसएमबी क्लायंट, यूज आफ्टर फ्री’ असं लिहिलंय. मेंटेनन्सला येणारे म्हणतात, ‘गडबड एन्क्रिप्शनच्याच कोडमध्ये आहे. ते बंद करून टाकू, बॅकअपही लवकर उरकेल.’ सरांना हे पटत नाही, पण समोरच्याला काय सांगावं तेही सुचत नाही. माउंटच्या ओळीत ‘व्हर्स ३.१.१, सील, ईसाइझ’ असे शब्द दिसतात. ईसाइझपुढे एक आकडा आहे. काय करावं?

उत्तर : बंद करू नका. मेंटेनन्सवाल्यांनी जागा बरोबर ओळखली आहे, उपाय मात्र उलटा सुचवलाय. त्या ओळीतला एक शब्द काढायचा आहे हे खरं, पण तो ‘सील’ नव्हे.

सीव्हीई म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नोंदणी क्रमांक. आधी कोण काय करतं ते पाहू. तुमचं लिनक्स मशीन विंडोज सर्व्हरशी एसएमबी या फायली देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलने बोलतं, म्हणून अहवालात त्याला ‘एसएमबी क्लायंट’ म्हटलंय. त्यात एन्क्रिप्शन आलं ते एसएमबी ३.० मध्ये, २०१२ साली. त्याआधी फाइलमधला मजकूर केबलवरून उघडाच जायचा. पासवर्ड नाही, पण बॅलन्स शीट, पॅन नंबर, पगारपत्रकं सगळं. ‘सील’ लिहिलं की लिनक्सला सांगितलं जातं : या शेअरवरची ये-जा एन्क्रिप्ट होऊनच झाली पाहिजे, नाहीतर माउंटच करू नकोस. हे काम लिनक्समध्ये सिफ्स नावाचं मॉड्यूल करतं आणि ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत चालतं. म्हणून हा विषय जड होतो. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधलं काही चुकलं तर अख्खं मशीन आडवं होतं, आणि सकाळी सर विचारतात, रात्रीचा बॅकअप कुठाय?

पहिली लाल ओळ ‘ईसाइझ’ची आहे. मोठी फाइल वाचताना सर्व्हरकडून एन्क्रिप्ट केलेले तुकडे लागोपाठ येत राहतात. एकाच थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाने) ते घ्यायचे आणि डिक्रिप्टही करायचे म्हटलं तर रांग लागते. म्हणून हा पर्याय दिला गेला : तुकडा अमुक बाइटांएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर डिक्रिप्ट करायचं काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपव. मुळात हा पर्याय बंद असतो. तुमच्याकडे चालू आहे, म्हणजे कोणीतरी तो हाताने लिहिलाय. ‘बॅकअप फास्ट कसा करावा’ असं शोधायचं आणि सापडलेली ओळ जशीच्या तशी चिकटवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, तेव्हा कोणी लिहिला ते मी विचारत नाही.

गोची अशी झाली, की काम अनेक थ्रेडमध्ये वाटलं गेलं, पण डिक्रिप्ट करायचं साधन सगळ्यांत मिळून एकच राहिलं. कर्नलवाले त्याला टीएफएम म्हणतात. किल्ली आणि किल्लीवरून आधीच करून ठेवलेला हिशोब त्यात असतो. त्यात भर म्हणजे हा कोड प्रत्येक वेळी त्या साधनात किल्ली नव्याने बसवतो. आता जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत मजकुराला वाटेत कोणी हात लावला नाही ना हे तपासायला एक खास गुणाकार करावा लागतो. तो झटपट व्हावा म्हणून कर्नलच्या सर्वसाधारण कोडमध्ये किल्लीवरून २५६ नोंदींचा एक तक्ता मांडून ठेवतात. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणजे तक्ता ४०९६ बाइटांचा. किल्ली पुन्हा बसवली की जुन्या तक्त्याची मेमरी मोकळी करायची आणि नवा मांडायचा. एक थ्रेड जुन्या तक्त्यात बघून गुणाकार करत असताना दुसऱ्याने तोच तक्ता मोकळा केला, तर पहिला जिथून वाचतोय ती जागा आता त्याची राहिलेली नसते. ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात ते हेच. मशीन कोसळल्यावर लॉगमध्ये नेमकं याच गुणाकाराच्या फंक्शनचं नाव दिसायचं. हे घडवून आणायला कोणी मोठा हॅकर लागत नव्हता : सील आणि ईसाइझ बरोबर १ लावून शेअर माउंट करायचं आणि एक मोठी फाइल वाचायची, बस.

यात एईएसला, म्हणजे एन्क्रिप्शनच्या मूळ गणिताला, कोणी धक्का लावलेला नाही. किल्ली फुटली नाही, गणित चुकलं नाही. मेमरी कोणाच्या ताब्यात आहे आणि कधीपर्यंत, एवढाच हिशोब चुकला. ‘एन्क्रिप्शनमध्ये भोक सापडलं’ असं कोणी म्हणालं की मी आधी हाच प्रश्न विचारते : गणितात की हिशोबात? बहुतेक वेळा उत्तर हिशोब हेच असतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या दोषाला सीव्हीई क्रमांक मिळाला. दुरुस्तीत दुसऱ्या थ्रेडकडे जाणाऱ्या कामासाठी टीएफएम वेगळा केला, जो मुळातच वेगळा हवा होता. इथवर छान. पण त्याच दुरुस्तीत थोडी साफसफाईही झाली. डिक्रिप्ट करायला सांगितल्यावर ते पूर्ण होईपर्यंत थांबण्यासाठी जुन्या कोडमध्ये एक सोय होती. इथे काम नेहमी तिथल्या तिथेच पूर्ण होतं, मग थांबायची सोय कशाला, असं समजून ती काढून टाकली गेली.

तुमची दुसरी लाल ओळ त्या समजुतीतून जन्मली.

गिरणीचं उदाहरण देते. तुम्ही दळण घेऊन गेलात, गिरणीवाला म्हणाला, ‘ठेवून जा, दळून ठेवतो.’ म्हणजे दळून झालं असं नव्हे. काही मशीनमध्ये एन्क्रिप्शनसाठी वेगळं हार्डवेअर असतं. त्याच्याकडे काम दिलं की तेही तत्काळ एवढंच सांगतं : घेतलंय, चालू आहे. पूर्वीचा कोड हे ऐकून थांबायचा. सुधारलेल्या कोडने ‘चालू आहे’ हे उत्तर आलं की डबा उचलायचा आणि मोडीत काढायचा असा खाक्या ठेवला. थोड्या वेळाने हार्डवेअर पीठ घेऊन येतं तर डब्याचा पत्ता नाही. त्या जागी कदाचित दुसऱ्याच कोणाचा डबा ठेवलेला.

यात एक बारकावा मला फार आवडला. ही मेमरी साधी मोकळी करत नाहीत. तिच्यात गुप्त माहिती असू शकते म्हणून आधी शून्यांनी पुसतात आणि मग सोडतात. चांगलीच सवय आहे. या दोषाच्या नोंदीत मशीन ‘नल पॉइंटर’वर कोसळतं असं म्हटलंय, त्याचं कारण हीच सवय असावी असा माझा तर्क आहे. हार्डवेअरचा ड्रायव्हर ‘झालं हो’ सांगायला परत येतो, कोणाला सांगायचं तो पत्ता बघतो आणि तिथे शून्य सापडतं.

जुलै २०२५ मध्ये दुसरा क्रमांक जाहीर झाला आणि थांबायची सोय परत आली. त्या दुरुस्तीच्या स्पष्टीकरणाचं पहिलंच वाक्य आधीच्या सीव्हीईचा क्रमांक घेऊन सुरू होतं आणि त्या दुरुस्तीने काय गृहीत धरलं होतं ते सरळ सांगतं. आपल्याकडच्या किती ऑफिसांत ‘मागच्या वेळची दुरुस्ती चुकली होती’ असं फायलीवर लिहिलं जातं?

तेव्हा तुमच्यासाठी मुद्दा असा. पहिला दोष ‘ईसाइझ’ लावला असेल तरच अंगाशी येतो. दुसऱ्याला ‘ईसाइझ’ची गरज नाही, सील पुरतं, पण तो यायला ‘नंतर करून देतो’ म्हणणारं हार्डवेअर लागतं. इंटेलचं क्विकअसिस्ट कार्ड, किंवा काही एआरएम बोर्डांवरचं क्रिप्टो इंजिन, अशा गोष्टी. ऑफिसातल्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये एईएसच्या सूचना प्रोसेसरच्याच आत असतात आणि असल्या कामात तो ते जागच्या जागी उरकतो. तुमचं बॅकअप मशीन जुना डेस्कटॉप असेल, तर दुसरी ओळ दिसते तितकी लाल नाही. खात्री करायची तर ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘क्रिप्टो’ ही फाइल उघडा. प्रत्येक पद्धतीपुढे ड्रायव्हरचं नाव, प्राधान्याचा आकडा आणि ‘असिंक’ची नोंद असते. जीसीएम-एईएससाठी सर्वांत जास्त प्राधान्य कोणाला आहे ते बघा, कारण कर्नल साधारणपणे त्यालाच निवडतो. ड्रायव्हरच्या नावात एईएसएनआय असेल, तर ‘असिंक’पुढे ‘येस’ दिसलं तरी दचकू नका, काम प्रोसेसरच करतोय.

आजच करायचं काम : माउंटच्या ओळीतून ‘ईसाइझ’ आणि त्याचा आकडा काढा, शेअर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. सील तसंच राहू द्या. मग कर्नल अपडेट करा. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, आवृत्तीचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. डेबियन, उबुंटू, रेडहॅट ही मंडळी जुन्याच आकड्याच्या कर्नलमध्ये नवी दुरुस्ती घालून देतात. त्यांच्या सुरक्षा पानावर सीव्हीई क्रमांक टाकून बघा, तुमच्या पॅकेजमध्ये दुरुस्ती आली की नाही ते तिथे लिहिलेलं असतं. दोन्ही क्रमांक टाका. ऑक्टोबर २०२४ नंतर एकदा अपडेट करून कोणी निवांत बसलं असेल, तर पहिलं भोक बुजलं आणि दुसरं उघडलं अशी स्थिती असू शकते. दोन, अपडेट झालं म्हणजे ते चालू झालं असं नाही. मशीन रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालत असतो. ‘युनेम हायफन आर’ ही आज्ञा देऊन सध्या कोणता चालू आहे ते बघा. बँकेच्या सर्व्हररूममध्ये नोकरी करताना मी ‘अपडेट केलंय’ हे वाक्य पुष्कळ ऐकलं, आणि दर वेळी पुढे विचारलं, ‘रीबूट केलंय?’ त्यानंतर जी शांतता पसरायची तिची सवय होते.

राहिला वेगाचा मुद्दा. एईएसच्या सूचना असलेल्या प्रोसेसरवर एन्क्रिप्शनचा भार असतो, पण रात्री दोन वाजता चालणाऱ्या बॅकअपला थोडा जास्त वेळ लागला म्हणून कोणाचं काय बिघडतं? सील काढलंत तर मात्र तुमच्या क्लायंटचे हिशोब ऑफिसच्या नेटवर्कवरून रोज रात्री उघडे जातील. मशीन क्वचित कोसळण्याची शक्यता टाळायला हा सौदा कोण करेल?

प्रश्न : फोंड्यात आमचं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे. ड्रॉइंग ठेवायला एक नॅस बॉक्स, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा साठवणीचा डबा, घेतला. त्याच्या आत लिनक्सच असतं म्हणतात. कर्नलमधल्या फाइल शेअरिंगमध्ये दहापैकी दहा धोक्याचा दोष सापडला होता असं भावाने सांगितलं. आमचा बॉक्सही त्यात येतो का?

उत्तर : बहुतेक नाही. भावाने सांगितलं ते खरं आहे, पण ती हकिगत २०२२ची आणि वेगळ्या भागाची. लिनक्सवरून विंडोजला फायली पुरवायचं काम १९९२ पासून सांबा करत आलंय. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते सुरू केलं, आणि ते कर्नलच्या बाहेर चालतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ या कर्नलमध्ये हेच काम कर्नलच्या आतून करणारा केएसएमबीडी नावाचा सर्व्हर आला. कशासाठी, तर वेगासाठी. पुढच्याच वर्षी थेल्स समूहाच्या थॅलियम टीमला त्यात एक दोष सापडला. एक विशिष्ट विनंती पाठवून, लॉगिनसुद्धा न करता, कर्नलच्या पातळीवर आपला कोड चालवता येत होता. त्याला दहापैकी दहा मिळाले यात नवल नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, ५.१५.६१ या आवृत्तीत, दुरुस्ती आली होती. जाहीर वाच्यता नाताळच्या तोंडावर झाली आणि सगळ्यांची झोप उडाली. नंतर लक्षात आलं की बहुतेक ठिकाणी सांबाच चालतो, केएसएमबीडी मुद्दाम चालू करावा लागतो.

नॅसच्या बाबतीत मला याहून जास्त काळजी वेगळी वाटते. साइटवरून ड्रॉइंग दिसावीत म्हणून राउटरमधून ४४५ क्रमांकाचं, म्हणजे एसएमबीचं, पोर्ट बाहेर उघडून दिलंय का? दिलं असेल तर हे वाचन बाजूला ठेवा आणि आधी ते बंद करा. एसएमबी ऑफिसच्या चार भिंतींबाहेर न्यायचं तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या खासगी वाटेनेच.

प्रश्न : नाशिकहून. आमच्या सिक्युरिटी स्कॅनरच्या अहवालात लिनक्स कर्नलचे सीव्हीई एकदम शेकड्यांनी वाढले. लिनक्स एवढं बिघडलं का?

उत्तर : बिघडलं नाही, नोंदवही बदलली. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई क्रमांक देते, आणि सुरक्षेशी दुरून संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला देते. तुमच्याकडे कर्नल कशासाठी वापरला जातो ते त्यांना माहीत नसतं, म्हणून धोक्याचे गुण ते देत बसत नाहीत. तेव्हा निवड तुम्हाला करावी लागते. जे मॉड्यूल तुमच्या मशीनवर लोडच होत नाही, त्याच्या ओळींवर आधी काट मारा. यादी बरीच आटोपते.

प्रश्न : मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असे दोष शोधायला शिकायचं आहे. एआयने कर्नलमधला दोष शोधला असं वाचलं. मग आमच्यासाठी काही उरणार आहे का?

उत्तर : भरपूर. तू वाचलंस ते शॉन हीलन या संशोधकाचं काम, मे २०२५ चं. त्याने ओपनएआयच्या ओ३ या मॉडेलला केएसएमबीडीचा कोड वाचायला दिला. त्यातला केर्बेरॉस या लॉगिन पद्धतीचा एक दोष त्याने स्वतः आधीच शोधला होता. तो मॉडेलला सापडतो का, हे बघायला त्याने तोच प्रश्न शंभर वेळा विचारला. आठ वेळा सापडला. अठ्ठावीस वेळा मॉडेलने नसलेले दोष ठामपणे दाखवले. मात्र मोठा कोड दिल्यावर त्याच मॉडेलने हीलनलाही माहीत नसलेला एक दोष दाखवला : एकच सेशन दोन कनेक्शनवर चालू असताना एकाने लॉगऑफ केलं, की वापरकर्त्याची नोंद मोकळी होते आणि दुसरं कनेक्शन ती वापरतच राहतं. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२५-३७८९९.

आता त्या आठ आणि अठ्ठाविसाकडे नीट बघ. खरा कोणता आणि खोटा कोणता हे कोणी ठरवलं? ज्याला तो कोड वाचता येत होता त्याने. ते शीक. या अंकातल्या इचलकरंजीच्या उत्तरातले दोन्ही दोष घे, कर्नलच्या गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत) त्यांच्या दुरुस्त्या काढ आणि दुरुस्तीआधीचा कोड वाच. दोन प्रश्न घेऊन वाच : ही मेमरी मोकळी कोण करतं, आणि त्या क्षणी ती आणखी कोणाच्या हातात असू शकते? मग एका व्हर्च्युअल मशीनमध्ये केएएसएएन चालू ठेवून तो जुना कर्नल बांध. मोकळ्या केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की हे साधन जागच्या जागी ओरडतं, आणि कोणी मोकळी केली, कोणी वापरली, दोघांचाही माग छापून देतं. शेजारच्या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनवर सांबा उभा कर. पहिला दोष सील आणि ईसाइझ बरोबर १ लावून एक मोठी फाइल वाचल्यावर दिसायला हवा. नाहीच दिसला, तर ‘प्रॉक’मधली ‘क्रिप्टो’ फाइल उघडून बघ, तुझ्या मशीनवर तो चार हजार शहाण्णव बाइटांचा तक्ता वापरलाच जात नसेल. तिसऱ्या वर्षाची परीक्षा मात्र बुडवू नकोस, कर्नल बांधायला रात्र जाते.